प्राचार्यांनी घर गहाण टाकलं, गावाने वर्गणी काढली, तेव्हा कुठे खाशाबांचं ऑलिम्पिक पदक आलं

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझ पदक जिंकलं आणि इकडे कोल्हापुरात जल्लोष सुरू झाला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचं पोरगं थेट ऑलिम्पिकच्या पोडियमवर उभं होतं.

त्या दिवशी टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर, सगळीकडे एक आकडा फिरत होता. ७२ वर्षं. महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक मिळायला तब्बल ७२ वर्षं लागली होती. त्याआधीचं पदक होतं १९५२ सालचं आणि त्याचाही धागा कोल्हापूरशीच जुळलेला होता.

ते पदक होतं पैलवान खाशाबा जाधव यांचं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

शाळेच्या पुस्तकात, स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये खाशाबांचं नाव एका ओळीत येतं. हेलसिंकी, १९५२, कुस्ती, कांस्य. झालं. पण या एका ओळीमागे गहाण पडलेलं एक घर आहे, दारोदार फिरून गोळा केलेली वर्गणी आहे आणि शेवटपर्यंत न फिटलेलं एक देणंसुद्धा आहे.

तर सुरुवात होते सातारा जिल्ह्यातून.

गोळेश्वरचा छोटा पैलवान

कराडला लागूनच गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. घरातच आखाडा म्हटल्यावर पोरगं लाल मातीतच वाढलं. वडिलांनी अगदी लहानपणापासून डाव शिकवायला सुरुवात केली आणि आठव्या वर्षी खाशाबांनी गावच्या जत्रेत आपल्यापेक्षा तयारीच्या पोराला दोन मिनिटांत आस्मान दाखवलं, असं आजही सांगितलं जातं.

पुढे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. हा काळ १९४० ते १९४७ चा. म्हणजे चले जाव आंदोलनाचा आणि सातारच्या प्रतिसरकारचा. शाळकरी खाशाबासुद्धा यात ओढले गेले. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, पत्रकं वाटणं अशी कामं त्यांनी केली.

शाळा संपली आणि खाशाबांनी पुढच्या शिक्षणासाठी कोल्हापूर गाठलं. राजाराम कॉलेजात नाव घातलं.

आता कुस्तीच्या पोराने कोल्हापुरात येणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतंय.

कोल्हापूरच का?

१९०२ साली राजर्षी शाहू महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. तेव्हा त्यांनी रोममधलं कलोसियम बघितलं. असं मैदान आपल्या पैलवानांसाठी का नसावं, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला आणि त्यातून खासबाग मैदान उभं राहिलं. १९१२ साली ते खुलं झालं. मधोमध लाल मातीचा आखाडा आणि भोवती उतरती बैठक, त्यामुळे हजारो माणसांना कुठूनही कुस्ती दिसायची.

शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली. पंजाबपासूनचे पैलवान कोल्हापुरात येऊन राहायला लागले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमींतून पहाटे शड्डूचे आवाज घुमायला लागले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी, हे नाव असं कमावलेलं आहे.

पण खाशाबांची एक अडचण होती. मैदानी कुस्तीत नाव व्हायचं ते वजनदार गड्यांचं. शेवटची मोठी जोड, मोठं इनाम, चांदीची गदा हे सगळं सव्वाशे-दीडशे किलोला टेकलेल्या मल्लांसाठी. खाशाबा होते साडेपाच फुटांच्या आत-बाहेर आणि वजन जेमतेम पन्नाशीच्या घरात.

म्हणजे बघणाऱ्याला हा पैलवान वाटायचाच नाही. राजाराम कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तर अंगकाठी बघून त्यांना नकार मिळाला. मग खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या बारक्या पोराने आपल्यापेक्षा थोराड मल्लांना चीत करून दाखवलं, असा किस्सा कोल्हापुरात सांगितला जातो.

अंगात ताकद होतीच, पण खाशाबांचा खरा दम होता चपळाईत. समोरच्याला काय होतंय ते कळायच्या आत पकड बदललेली असायची. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. यात प्रतिस्पर्ध्याची मान-खांदा पकडीत घेऊन त्याला पाठीवरून फेकायचं असतं. यात वजनापेक्षा वेळ साधण्याला महत्त्व. बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी या वस्तादांनी त्यांच्याकडून कसून मेहनत करून घेतली. पुढे त्यांना नाव पडलं, पॉकेट डायनामो.

बरं, मैदानात वजन कमी असणं ही अडचण होती, पण ऑलिम्पिकमध्ये तसं नव्हतं. तिथे वजनी गट असतात. बारक्याची कुस्ती बारक्याशीच होते. खाशाबांसारख्या गड्याला जगात कुठे न्याय मिळणार असेल, तर तो तिथेच.

लंडन १९४८ : पहिल्यांदाच मॅटवर

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक होतं. स्वतंत्र देश म्हणून भारत पहिल्यांदाच उतरणार होता. खाशाबांची निवड झाली, पण जायचा खर्च कुठून आणायचा? तेव्हा कोल्हापूर संस्थानचे छत्रपती शहाजी महाराज पाठीशी उभे राहिले आणि खाशाबांचा लंडनचा खर्च उचलला.

लंडनला पोहोचल्यावर वेगळंच संकट समोर आलं. मॅट.

आज मॅटवरची कुस्ती आपल्याला सवयीची झालीये. पण खाशाबा आयुष्यभर मातीत खेळलेले. मातीत पाय रुततो, मॅटवर तो सटकतो. मातीत दम काढत, समोरच्याला थकवत कुस्ती लांबवता येते, तर मॅटवर घड्याळ चालू असतं. आपल्याकडे चितपट झाली की निकाल, बाकी गुणबिण काही नाही. तिथे चितपट झाली नाही तर पंच ठरवणार की सरस कोण. त्यात लंगोटाऐवजी अंगाला चिकटलेला पोशाख आणि पायात बूट.

थोडक्यात सांगायचं तर खेळाचं नाव तेच होतं, पण खेळ दुसराच होता.

अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी तिथे खाशाबांना मॅटवरच्या कुस्तीचे धडे दिले. हाताशी वेळ थोडाच होता. पण २२ वर्षांच्या खाशाबांनी तेवढ्यात जे उचललं, ते बघून लोक चकित झाले. ५२ किलोच्या फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच हरवलं. मग अमेरिकेच्या बिली जर्निगनवर मात केली. पुढे इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र ते हरले.

अखेर खाशाबा सहाव्या क्रमांकावर राहिले. पहिल्यांदाच मॅटवर उतरून जगात सहावा येणं ही साधी गोष्ट नव्हती. पण खाशाबांना ती पुरेशी वाटली नाही. कोल्हापूरला परतल्यावर त्यांनी पुढच्या ऑलिम्पिकसाठी मेहनत सुरू केली. व्यायाम वाढवला, डावांत सुधारणा केली आणि वजनगट बदलून ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये उतरायचं ठरवलं.

निवडीचा घोळ

१९५२ चं ऑलिम्पिक फिनलंडमध्ये, हेलसिंकीला होतं. लंडनला सहावा आलेला मल्ल म्हणजे निवड पक्की, असं कुणालाही वाटेल. पण तसं झालं नाही.

मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबा एका गुणाने मागे पडले. हा गुण आपल्याला मुद्दाम कमी दिला गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाचे महाराज यादवेंद्र सिंह यांच्याकडे दाद मागितली. यादवेंद्र सिंह तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि कुस्तीचे शौकीनही. त्यांच्यामुळे खाशाबांना निवड चाचणीत उतरायची संधी मिळाली. खाशाबांनी समोरच्या मल्लाला लोळवलं आणि हेलसिंकीचं तिकीट पक्कं केलं.

म्हणजे तिकीट पक्कं झालं ते कागदावर. खरं तिकीट काढायला पैसे कुठे होते?

संस्थान गेलं, मग खर्च कोण करणार?

लंडनच्या वेळी संस्थान होतं, महाराज होते. पण १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. मल्लाच्या पाठीशी उभी राहणारी जुनी व्यवस्था संपली होती आणि तिच्या जागी नवी अजून उभी राहिली नव्हती. देश पाच वर्षांचा, तिजोरीत खडखडाट, त्यात खेळाडूचा खर्च सरकारने करायचा असतो ही कल्पनाच रुजलेली नव्हती. निवड झाली असेल तर पैशाचं तुमचं तुम्ही बघा, असा तो काळ होता.

खाशाबांनी मदतीसाठी खेटे घातले, पण पुरेसे पैसे काही उभे राहिले नाहीत.

मग लोक पुढे आले. गोळेश्वर आणि कराडच्या परिसरात वर्गणी सुरू झाली. घरोघरी, दुकानोदुकानी फिरून जमेल तसे पैसे गोळा केले गेले. शेतकऱ्यांनी दिले, दुकानदारांनी दिले, मास्तरांनी दिले. हेलसिंकी नकाशात कुठे आहे हे यातल्या कितीजणांना ठाऊक होतं कोण जाणे. आपल्या खाशाबाला कुस्ती खेळायला जायचंय, एवढंच पुरेसं होतं.

तरीही रक्कम कमी पडत होती. आणि इथे राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी जे केलं, त्याला तोड नाही. त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं आणि ७ हजार रुपये उभे करून खाशाबांच्या हाती दिले.

जरा विचार करा. एक शिक्षक, आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी, डोक्यावरचं छप्पर गहाण टाकतोय. पदक येईल याची कसलीही खात्री नाही. हरला तर पैसे परत यायचा मार्ग नाही. तरीही.

खाशाबा हेलसिंकीला निघाले ते असं ओझं घेऊन.

हेलसिंकी : जुलै १९५२

तेव्हाच्या ऑलिम्पिक कुस्तीची पद्धत आजच्यासारखी नव्हती. एक कुस्ती हरला की घरी, असं नसायचं. प्रत्येक कुस्तीनंतर मल्लाच्या खात्यात दोषगुण चढायचे. चितपट जिंकलात तर शून्य, पंचांच्या कौलावर जिंकलात तरी एक आणि हरलात तर जास्त. ठराविक दोषगुण झाले की मल्ल बाहेर. शेवटी उरलेल्यांत आपसात कुस्त्या व्हायच्या आणि त्यावर पदकं ठरायची. त्यामुळे नुसतं जिंकून भागत नव्हतं, चीत करून जिंकणं फायद्याचं होतं.

मातीतल्या पैलवानाला हे मानवणारं होतं. त्याला चीत करणंच शिकवलेलं असतं.

खाशाबांनी पहिल्या फेरीत कॅनडाच्या ॲड्रियन पोलिक्विनला चितपट केलं. दुसऱ्या फेरीत मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोचीही तीच गत झाली. मग जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ समोर आला. ही कुस्ती शेवटपर्यंत गेली. तीन पंचांपैकी दोघांनी खाशाबांच्या बाजूने कौल दिला आणि २-१ ने कुस्ती खाशाबांनी मारली.

आता खाशाबा पदकाच्या टप्प्यात होते. उरले होते दोघे, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव.

इशीशी कुस्ती रंगली. पंधरा मिनिटं दोघंही मागे हटायला तयार नव्हते, पण निकाल इशीच्या बाजूने गेला. मम्मदबेयोवकडूनही खाशाबा हरले, तिन्ही पंचांनी सोव्हिएत मल्लाला कौल दिला.

या दोन कुस्त्यांबद्दल एक रुखरुख आजही कराड-कोल्हापूरकडच्या जुन्या जाणत्यांच्या बोलण्यात येते. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण खाशाबांना थकलेल्या अंगाने लगेच मॅटवर उतरावं लागलं, असं सांगितलं जातं. नियमावर बोट ठेवून भांडायला भारतीय पथकातलं कुणी तिथे हजर नव्हतं. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, याचं उत्तर आता कुणाकडेच नाही.

इशीला सुवर्ण मिळालं. त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण. मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख होती २३ जुलै १९५२.

कोल्हापूरचेच केशव माणगावे हेही हेलसिंकीला फेदरवेट गटात खेळले होते. त्यांचं पदक थोडक्यात हुकलं. म्हणजे एकाच ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या तालमींतले दोन मल्ल पदकाच्या दारापर्यंत पोहोचले होते.

आणि देशात काय चाललं होतं? दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताने हॉकीच्या फायनलमध्ये नेदरलँड्सचा ६-१ असा धुव्वा उडवला. बलबीर सिंग यांनी एकट्याने पाच गोल केले. हॉकीचं सुवर्ण म्हणजे तेव्हा देशाची शान. साहजिकच सगळीकडे हॉकीचा गजर झाला आणि एका पैलवानाचं ब्राँझ त्यात मागे पडलं.

बैलगाड्यांची मिरवणूक

दिल्ली-मुंबईने फार दखल घेतली नाही, पण गावाने घेतली. खाशाबा कराडला उतरले तेव्हा स्टेशनवर माणसांचा समुद्र लोटला होता. शंभरावर सजवलेल्या बैलगाड्या, ढोल-ताशे, लेझीम, फटाके. एरवी काही मिनिटांचा असलेला गोळेश्वरचा रस्ता कापायला त्या दिवशी तासन्‌तास लागले. वर्गणी दिलेला प्रत्येक माणूस आपलंच पदक बघायला आला होता.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी सगळ्यात आधी कुठलं काम केलं असेल, तर ते देणं फेडायचं. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. तिकिटांतून आलेला पैसा खर्डेकर सरांना दिला आणि सरांचं घर सोडवलं.

पैलवानाने शब्द पाळला.

मग पुढे काय झालं?

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून भरती झाले. पोलिसांच्या स्पर्धा गाजवल्या. पुढचं लक्ष्य होतं १९५६ चं मेलबर्न ऑलिम्पिक. पण गुडघ्याच्या दुखापतीने घात केला आणि तिसरं ऑलिम्पिक हुकलं. खाशाबांची स्पर्धेतली कारकीर्द तिथेच थांबल्यात जमा झाली. वय होतं अवघं तीस.

पोलीस खात्यात त्यांनी २७ वर्षं नोकरी केली आणि असिस्टंट कमिशनर म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी मात्र झगडावं लागलं.

सन्मानांचं म्हणाल, तर पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले, अर्जुन पुरस्कार १९६१ साली. खाशाबा त्यानंतरही कित्येक वर्षं हयात होते. पण यातला एकही त्यांच्या हयातीत त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना स्थान मिळालं, एवढीच काय ती आठवण ठेवली गेली.

१९८४ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला ऑलिम्पिक सुरू होतं. ८ तारखेला पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं आणि अख्खा देश हळहळला. १२ तारखेला स्पर्धा संपली आणि भारत रिकाम्या हाताने परतला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, स्वतंत्र भारताला वैयक्तिक पदक मिळवून देणारा तोपर्यंतचा एकमेव माणूस रस्ते अपघातात गेला. खाशाबा तेव्हा ५८ वर्षांचे होते.

वैयक्तिक पदकाचा दुष्काळ संपायला १९९६ उजाडलं. अटलांटात लिअँडर पेसने ब्राँझ जिंकलं, खाशाबांनंतर ४४ वर्षांनी. कुस्तीत तर सुशील कुमारपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, ५६ वर्षं थांबावं लागलं.

मग हळूहळू खाशाबांची आठवण व्हायला लागली. राज्य सरकारने मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार दिला, २००० सालचा अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर मिळाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेवेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव देण्यात आलं. १५ जानेवारी २०२३ रोजी गुगलने डूडल केलं आणि अनेकांनी हे नाव पहिल्यांदाच सर्च केलं.

पण गोळेश्वरला खाशाबांच्या नावाने कुस्ती संकुल उभं करायची घोषणा झाली, ती वर्षानुवर्षं रखडली. शेवटी २०१७ साली त्यांच्या कुटुंबाने जाहीर केलं की, संकुलासाठी पैसा नसेल तर आम्ही पदक लिलावात काढतो. ज्या पदकासाठी एका शिक्षकाने घर गहाण टाकलं होतं, ते पदकच विकायची वेळ आली होती.

आज स्वप्नील कुसाळेसारख्या खेळाडूंना कोच मिळतात, सरावाला परदेशात पाठवलं जातं, पदक जिंकलं की कोटींची बक्षिसं जाहीर होतात. हे व्हायलाच हवं. खाशाबांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं, तेव्हा हे सगळं काम गोळेश्वरच्या वर्गणीने आणि कोल्हापूरच्या एका प्राचार्याने केलं.

गोळेश्वरला खाशाबांचं घर आहे. त्याचं नाव ऑलिम्पिक निवास. कधी पुणे-बेंगळुरू हायवेने कराडवरून कोल्हापूरला निघालात, तर वाट थोडी वाकडी करून बघून या. खर्डेकर सरांचं देणं खाशाबांनी फेडलं. खाशाबांचं देणं मात्र अजून आपल्याकडे बाकी आहे.